मोजणीदारावर लक्ष कोण ठेवतो?

श्रोतेहो, बांधावरून तंटा उभा राहिला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, 'सरकारी मोजणी आणा.' अर्ज करायचा, मोजणी फी भरायची, की भूमि अभिलेख खात्याचा भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो. तो सरकारी नोकर. त्याची मोजणी मान्य नसेल, तर वर दाद मागता येते.

अमेरिकेत हद्द दाखवणारा माणूस बहुधा खाजगी धंदा करणारा असतो. वकिलासारखी तो फी घेतो आणि नकाशावर स्वतःचा शिक्का उठवतो. (मापे मात्र ओळखीची बरं का! आपला गुंठा 33 फुटांचा चौरस, त्यांची जुनी साखळी 66 फुटांची, आणि एकर दोन्हीकडे एकच.) मग त्याच्या शिक्क्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

त्यासाठी राज्याराज्यांतून परवाना मंडळे आहेत. कॅलिफोर्नियाने 1891 सालीच भूमापकांना परवाना लागू केला. वायोमिंगची हकीकत आपल्याला जवळची वाटेल. तो कोरडा मुलूख. पाण्याचा हक्क मागायचा तर अर्जासोबत नकाशा द्यावा लागे, आणि तो वकील, नोटरी, कुणीही काढून देई. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी हा गोंधळ पाहिला आणि 1907 साली कायदा झाला : परवान्याशिवाय अभियंता किंवा भूमापक म्हणून काम करायचे नाही. पाटाच्या पाण्याचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

आता खर्चाचे पाहू. मंडळाला सर्वसाधारण करातून सहसा काही मिळत नाही. नव्या उमेदवाराची अर्ज-फी आणि जुन्या परवानेदारांची नूतनीकरणाची फी, यावरच गाडा चालतो. कारकुनांचे पगार, तक्रारींची चौकशी, सुनावणीसाठी वकील, सारे त्यातूनच. देशभरच्या सामाईक परीक्षा 1920 साली स्थापन झालेली सर्व मंडळांची एक परिषद तयार करते. राज्याच्या कायद्यावरचा पेपर बहुतेक ठिकाणी निराळा असतो.

ऐकायला व्यवस्था सुटसुटीत आहे, पण गोम इथेच आहे. अभियंते पुष्कळ, भूमापक थोडे. थोड्यांच्या फीवर स्वतंत्र कचेरी चालवणे जड जाते, म्हणून पुष्कळ राज्यांत दोघांचे मंडळ एकच असते. टेक्सासने दोन मंडळे 2019 साली एकत्र केली. फ्लोरिडाने आपले मंडळ 2009 साली शेती खात्याकडे सोपवले. एकत्र आल्याने खर्च वाचतो हे खरे. पण भूमापकाचा आवाज त्यात बारीक होतो. कॅलिफोर्नियाच्या मंडळात 15 सभासद, त्यांत भूमापकाची जागा एकच. तिथे 8 जण सामान्य नागरिकांतून घेतात, म्हणजे बहुमत धंद्याबाहेरच्यांचे.

हे बहुमत मला मोलाचे वाटते. ज्यांच्या फीवर मंडळ जगते, त्यांचेच भाईबंद न्याय करायला बसले तर तक्रारदाराने कुणाकडे पाहावे? शिवाय धंद्यातली माणसे नव्या स्पर्धकाला दारातच अडवतील, हीही भीती आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या दुकानदारांना मनाई केली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2015 साली न्यायालयाने सांगितले की, मंडळ धंदा करणाऱ्यांच्याच हाती असेल आणि त्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्याला सूट मिळणार नाही. निकाल दातांचा, पण धसका सगळ्याच परवाना मंडळांनी घेतला.

त्याच राज्याची एक गोष्ट गुरुजींना आवडेल. तिथल्या राज्यघटनेप्रमाणे दंडाची निव्वळ रक्कम सार्वजनिक शाळांकडे जाते. त्यामुळे दंड वाढवून स्वतःची पेटी भरण्याचा मोह मंडळाला उरत नाही.

तक्रार खरी ठरली तर मंडळ भूमापकाला ताकीद देते, दंड करते, परवाना स्थगित करते किंवा काढूनही घेते. पण हद्द कुठली, हे ते ठरवीत नाही. शेजाऱ्याशी वाद असला तर तिथल्या शेतकऱ्यालाही कोर्टाचीच पायरी चढावी लागते, आणि तो खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो.