‘लीळाचरित्रा’ची द्विभाषिक आवृत्ती आणि डाव्या पानाचे वाचन

प्राचीन ग्रंथाच्या द्विभाषिक आवृत्तीत डाव्या पानावर मूळ संहिता आणि उजव्या पानावर तिचे भाषांतर अशी मांडणी असते. ही मांडणी वाचकाच्या सोयीसाठी आहे, असा सामान्य समज आहे. वस्तुतः तिच्यामुळे संपादकावर व वाचकावर एक जबाबदारी येऊन पडते. केवळ भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्यास मूळ पाठातील शंकास्थळे झाकून पुढे जाता येते. मूळ समोर छापले की शब्द कोठे तोडला, कोणता पाठ स्वीकारला, कोणता अनुस्वार राखला, हे सारे परीक्षेसाठी खुले होते. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२४ साली म्हाइंभटकृत ‘लीळाचरित्रा’चा पहिला खंड ‘गॉड ॲट प्ले’ या नावाने प्रसिद्ध केला. संपादन व इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस यांचे आहे. या प्रकाशनाचा विचार मराठीच्या अभ्यासकाने या जबाबदारीच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

अशा मालांची परंपरा जुनी आहे. ग्रीक व लॅटिन ग्रंथांसाठी जेम्स लोब यांनी १९११ मध्ये योजलेली माला पुढे हार्वर्डकडे आली. संस्कृतासाठी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी प्रेसची क्ले माला २००५ ते २००९ या काळात निघाली. परंतु तीत संस्कृत रोमन लिपीत छापले गेले. रोहन मूर्ती यांच्या देणगीतून २०१० साली स्थापन झालेल्या व शेल्डन पोलॉक यांनी प्रमुख संपादक म्हणून आकार दिलेल्या मूर्ती मालेने संस्कृताच्या पलीकडे जाऊन अन्य भारतीय भाषांना स्थान दिले. मूळ संहिता बहुतांशी त्या त्या भाषेच्या रूढ लिपीत देण्याचे धोरण ठरले आणि त्यासाठी भारतीय लिपींचे नवे टंक घडवून घेण्यात आले. जानेवारी २०१५ मध्ये निघालेल्या पहिल्या पाच ग्रंथांत पाली, पंजाबी, फारसी, तेलुगू आणि ब्रज या भाषा होत्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ या पंक्तीत आला, तो त्यानंतर नऊ वर्षांनी.

‘लीळाचरित्रा’ची संहिता सिद्ध करणे सोपे नाही. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी शिष्यांकडून मिळवल्या व सुमारे १२७८ मध्ये ऋद्धिपूर येथे त्यांचे संकलन केले, असे मानले जाते. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यातच पंथाच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञात होते. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी वेगवेगळ्या काळी त्याच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. त्यांपैकी कोलते यांची आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

अशा संहितेत एखादे टिंबही अर्थनिर्णायक ठरते. प्राचीन मराठीत ‘गोसावी’ हे प्रथमेचे रूप, तर ‘गोसावीं’ हे तृतीयेचे. ‘म्हणीतलें’ या क्रियापदाबरोबर सानुनासिक रूप आले म्हणजे कर्ता तृतीयेत आहे, हे कळते. आजच्या ‘गोसाव्याने’ या रूपातील ‘ने’ प्रत्ययाचे कार्य तेथे एकटा अनुस्वार करतो. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. आधुनिक लेखनासाठी ते योग्यच झाले. पण त्यानंतर शिकलेल्या पिढ्यांचा डोळा त्या टिंबावर थांबत नाही आणि प्राचीन संहितेतील विभक्ती त्यांच्या नजरेतून निसटते.

दुसरे उदाहरण सर्वनामांचे. चक्रधर स्वतःचा निर्देश ‘मी’ असा न करता पुष्कळदा ‘एथ’, ‘एथौनि’ अशा स्थलवाचक शब्दांनी करतात. बोलणारा स्वतःला व्यक्ती म्हणून पुढे न करता केवळ ‘येथे’ असे म्हणतो. हा त्यांच्या बोलण्याचा विशेष आहे, तसाच तो ईश्वरावताराच्या कल्पनेशीही निगडित आहे. भाषांतरकाराने येथे सरळ ‘मी’चा पर्याय योजला, तर वाक्य सुबोध होते, पण हा विशेष लोपतो, शब्दशः ‘येथे’ ठेवले, तर परभाषिक वाचक अडखळतो. दोन्ही बाजू एकाच पानावर साधणे अशक्य आहे. डाव्या पानावर मूळ शब्द जसाच्या तसा असतो, म्हणूनच उजव्या पानाला निवड करण्याचे स्वातंत्र्य मिळते आणि त्या निवडीचा हिशेबही वाचकाला मागता येतो.

मात्र हा हिशेब मागणारा वाचक असावा लागतो. परदेशातील वाचक साहजिकच उजव्या पानावर अवलंबून राहील. डावे पान वाचण्याची पात्रता ज्याच्याकडे असावी अशी अपेक्षा आहे, तो मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी होय. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ज्या प्राचीनतेच्या आधारे हा दर्जा मागितला गेला, तिचा ‘लीळाचरित्र’ हा एक प्रमुख पुरावा आहे. तो पुरावा मराठी पदवीधरालाही इंग्रजीच्या साहाय्यानेच वाचावा लागला, तर दर्जा कागदावर राहील आणि ग्रंथाविषयीचा निवाडा इतरांच्या हाती जाईल.

यावरील उपाय विभागांच्या आवाक्यातला आहे. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ पासून उपलब्ध आहे. उजवे पान झाकून एक लीळा वाचावी, विभक्ती व क्रियारूपे नोंदवावीत, कोश पाहावा, स्वतःचा आधुनिक मराठी अनुवाद लिहावा आणि शेवटी तो इंग्रजी भाषांतराशी ताडून पाहावा. जेथे दोहोंत फरक पडेल, तेथे कोलते यांच्या आवृत्तीतील पाठ तपासावा. वर्षभरात अशा वीस लीळा झाल्या, तरी नव्या आवृत्तीचे साधार परीक्षण करू शकणारे वाचक विभागात तयार होतील.