लेबलाबाहेर राहिलेले ‘नाही’

गेल्या पावसाळ्यात वडिलांचा एका दिवसाचा पगार बुडाला, तो तीन टिंबांपायी. ते चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. तिथे रजेचा अर्ज मोबाईलवरच्या ॲपमधून करावा लागतो. गावी जायचे म्हणून त्यांनी अर्ज केला. पडद्यावर ‘रजा मंजूर…’ असे उमटले आणि ते निर्धास्त गेले. परतल्यावर कळले, वाक्य ‘रजा मंजूर नाही’ असे होते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रातले मला काय कळणार? पण आमच्या चाळीतला एक दादा हिंजवडीला ॲप बनवण्याचे काम करतो. त्याने एक रविवार माझ्यासाठी खर्ची घातला. समजले तेवढे सांगतो.

पडद्यावरच्या मजकुराभोवती एक अदृश्य चौकट असते. त्या मजकुराच्या तुकड्याला लेबल म्हणतात. चौकटीचे माप प्रोग्रामर आधीच ठोकून देऊ शकतो, किंवा ते लेबललाच विचारता येते. विचारले तर काम असे चालते: पडदा सांगतो, रुंदी एवढीच मिळेल. लेबल फॉन्टकडून अक्षरांची मापे घेते, शब्द ओळींत बसवते, ओळींच्या उंचीची बेरीज करते आणि लागेल तेवढी उंची मागते. नुसती अक्षरे मोजून हे जमत नाही. ‘पिंपरी-चिंचवड’ या नावात मधली रेघ धरून डोळ्यांना ८ खुणा दिसतात; युनिकोडमध्ये मात्र वेलांट्या व अनुस्वार वेगळे धरून १३ संकेत साठवलेले असतात. रुंदी यांपैकी कुठल्याच आकड्यावरून कळत नाही.

आता वडिलांचे. अँड्रॉइडमध्ये डीपी आणि एसपी अशी दोन एकके आहेत. डीपी म्हणजे इंचाचा साधारण १६० वा भाग. चौकटी त्यात मोजतात. एसपी अक्षरांसाठी, आणि फोनवर अक्षरे मोठी केली की ते वाढते. २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४ मध्ये तर दुपटीपर्यंत. वडिलांना जवळचे नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्या फोनवर मीच अक्षरे मोठी करून दिली होती. अक्षरे वाढली, डीपीत ठोकलेली चौकट तेवढीच राहिली. मुभा एकाच ओळीची, म्हणून शेपूट कापून तीन टिंबे. बनवणाऱ्याच्या फोनवर वाक्य पुरते दिसत असणार!

इंग्रजीत ‘लीव्ह नॉट अप्रूव्हड’चे शेपूट कापले तरी नकार शाबूत राहतो. आपल्या मराठीत तो बहुधा शेवटी येतो, म्हणजे नेमका कापला जाणाऱ्या जागी. व्याकरणाच्या तासाला हे कधी डोक्यात आले नव्हते.

उंचीचेही तसेच. आपल्या मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली. चौकट बुटकी पडली तर ‘काम पूर्ण’चे ‘काम पर्ण’ होते. आमच्या वर्गातल्या कवींना ते आवडेलही.

दादाने लॅपटॉपवर तेच वाक्य घातले. उंचीच्या आकड्याऐवजी ‘रॅप कंटेंट’ लिहिले, म्हणजे मजकुराएवढी उंची, आणि एका ओळीची अट काढली. ‘नाही’ दुसऱ्या ओळीवर येऊन बसले. वडील मागे उभे होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “मग हे त्यांना कोण सांगणार?”