आमदार आणि सरकारी तिजोरी

- सभागृहे : महाराष्ट्र विधानसभेत 288, विधान परिषदेत 78 जागा.
- अर्थसंकल्प : अनुच्छेद 202 नुसार वार्षिक जमाखर्चाचे विवरणपत्र दोन्ही सभागृहांपुढे. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत.
- भारित खर्च : थेट राज्याच्या एकत्रित निधीवर (मुख्य सरकारी तिजोरीवर) टाकलेला खर्च; राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरील व्याज इत्यादी. चर्चा होते, मतदान नाही.
- कपात सूचना : मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव. आमदाराला यातून खात्याच्या कारभारावर बोलता येते.
- विनियोजन विधेयक : हे मंजूर झाल्यावरच एकत्रित निधीतून पैसा काढता येतो.
- लेखानुदान : पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची तात्पुरती तरतूद.
- पुरवणी मागण्या : मंजूर रक्कम अपुरी पडल्यास वर्षभरात मांडल्या जातात.
- धनविधेयक : विधान परिषदेला 14 दिवसांची मुदत, तिच्या शिफारशी विधानसभेवर बंधनकारक नाहीत.
- लोकलेखा समिती : झालेल्या खर्चाची छाननी; आधार महालेखापरीक्षकांचे अहवाल. अंदाज समिती : अंदाजांची तपासणी, काटकसरीच्या सूचना.
- आमदार निधी : आमदार मतदारसंघातील कामे सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. रक्कम आमदाराच्या हाती येत नाही.
- मतदारसंघाचे प्रश्न : तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर व उपप्रश्न, अतारांकिताला लेखी उत्तर. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना.