भुताची जात आणि डाकिणीचे घर

मराठीत भयकथा म्हटले की दोन नावे आधी घेतली जातात, नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात जाऊन पाहा, यांची पुस्तके हाताळून हाताळून खिळखिळी झालेली असतात. आंबेडकरी दैनिकात भुताखेतांच्या लेखकांवर कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. कोण कोणाला घाबरतो आणि कोणाच्या भीतीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न जातीचा आणि सत्तेचाही आहे. नंदुरबार जिल्ह्यात तर तो जिवावरचा प्रश्न आहे.

धारपांचे श्रेय प्रथम मान्य करू. रसायनशास्त्र शिकलेल्या या माणसाने मराठी भयकथेला शिस्त लावली. परकीय भयकथाही त्यांनी आपल्या मातीत रुजवली. स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर त्यांची 'लुचाई' बेतलेली आहे. २०१८ साली गाजलेल्या 'तुंबाड' चित्रपटामागेही त्यांच्याच कथेची प्रेरणा होती. त्यांच्या 'समर्थ' कथांत दुष्ट शक्तीशी झुंजणारा एक जाणकार पुरुष असतो. तो येतो, अरिष्ट ओळखतो आणि घर मोकळे करतो. वाचक सुटकेचा श्वास सोडून पुस्तक मिटतो.

मतकरींची वाट वेगळी. 'खेकडा', 'गहिरे पाणी' यांतले भय पिंपळावर नाही, माणसाच्या मनात दबा धरून बसलेले आहे. आणि हा लेखक भयकथेपुरता थांबला नाही. 'लोककथा ७८' हे खेड्यातल्या अत्याचारावरचे नाटक त्यांचेच. नर्मदा बचाओ आंदोलनात ते सहभागी होते. त्या आंदोलनाचे महाराष्ट्रातले घर म्हणजे आमचा नंदुरबार जिल्हा. सरदार सरोवराखाली राज्यातली जी ३३ गावे आली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा करण्यात मतकरींचाच पुढाकार होता. भय लिहिणारा माणूस भेदरलेल्यांच्या बाजूने उभा राहू शकतो, याचा हा पुरावा.

आता आमचा आक्षेप. मराठी भुतांचे खानदान तपासा. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा म्हणजे मुंजा. वासना अडकलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. खवीस मात्र लोकसमजुतीत मुसलमानाच्या किंवा अस्पृश्याच्या माथी मारलेला. बाळंतपणात मेलेली बाई हडळ. म्हणजे मेल्यावरही जात सुटली नाही आणि बाईपणाची शिक्षाही सुटली नाही! ब्राह्मणाचे भूत पारावर, आमचे भूत गावकुसाबाहेर. मराठी भयकथेने हा सगळा संसार बराचसा जसाच्या तसा उचलला. तिचा वाडा, तिचे देवघर, तिचा माजघरातला अंधार हा एका विशिष्ट समाजाचा अंधार आहे.

गावकुसाबाहेरच्या माणसाला भीती ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती, पण त्याच्या भीतीला भयकथा असे कोणी म्हटले नाही. अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्या. खाणीचे काम बंद पडलेला भीमा रात्री स्मशानातली राख चाळून सोन्याचे कण शोधतो. पुरलेल्या प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते आणि शेवटी त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. याहून थरारक प्रसंग मराठीत किती आहेत? पण अण्णाभाऊंच्या कथेत भूत नाही, भूक आहे. भीमा मेलेल्यांना भीत नाही. मुलाबाळांची चूल विझेल याला भितो.

दुसरे उदाहरण शंकरराव खरातांचे. वकील, 'प्रबुद्ध भारत'चे संपादक, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. प्रेताची राखण करायची महाराने, ते काढायला विहिरीत उतरायचे तेही महारानेच. कपारीत साप आहे, काठावर पोलीस आहे, आणि लहान मुलगा बापाकडे पाहतो आहे. यात कल्पनेचा अंशही नाही. ज्यांच्या वाट्याला प्रेते राखण्याचे वतन आले, त्यांना भुताच्या गोष्टी विकत घेऊन वाचायची गरज नव्हती.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकेचा एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) भयकथेचा मोठा उस्ताद मानला जातो. पण काळे लोक आणि स्थलांतरित यांच्याविषयीची किळस त्याच्या कथांत भयाचे इंधन म्हणून वापरलेली आहे. त्याच्याच एका कथेला २०१६ साली व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने उलटे केले आणि ती काळ्या माणसाच्या नजरेतून सांगितली. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, टोनी मॉरिसनने 'बिलव्हेड' लिहिली. मुलगी गुलाम होऊ नये म्हणून आई तिचा जीव घेते आणि ती मुलगी परत येते. तिथे भूत म्हणजे इतिहास आहे, न पुरलेला. असे भूत आमच्या साहित्यालाही हवे आहे.

आता नंदुरबारकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. सातपुड्याच्या पाड्यांवर भयकथेचे जे पात्र आहे ते पुस्तकात राहत नाही. त्याला नाव आहे, घर आहे, शेताचा तुकडा आहे. त्या पात्राला डाकीण म्हणतात. मूल तापाने जाते, गाय आटते, बैल मरतो. दवाखाना दूर, रस्ता नाही. मग भगत बोट दाखवतो, आणि ते बोट बहुतेक वेळा विधवेकडे, एकट्या बाईकडे, जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे तिच्याकडे वळते. पुढे मारहाण, बहिष्कार, हद्दपारी, कधी खून.

धारपांच्या कथेत अरिष्ट ओळखणारा जाणकार घर वाचवतो. इथे ओळखणाराच अरिष्ट आणतो. एवढा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा.

कायदा काय म्हणतो? २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, रोगराई पसरवते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. खून झाला तर खुनाचे कलम आहेच.

काही मंडळी विचारतात, मग भयकथांवरही बंदी घालायची काय? मुळीच नाही. कथेतली हडळ कोणाच्या दारावर दगड मारायला सांगत नाही. लेखक कल्पनेला नाव देतो, भगत जिवंत बाईला नाव देतो. कायद्याने आणि विवेकाने हा भेद सांभाळलाच पाहिजे. पण कायदा गुन्हा घडताना जागा होतो. गुन्ह्याआधी मन बदलण्याचे काम शिक्षक, डॉक्टर, कार्यकर्ते यांचे आहे, आणि लेखकाचेही आहे.

आणि याच मातीत दुसरी कल्पनाही आहे. अक्राणीतल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास हजारो लोक चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात भटकणारा, मरण न येणारा अश्वत्थामा, अशी ती लोककथा. आम्ही ती इतिहास मानत नाही. पण पाहा, रक्ताळलेल्या, भटक्या, भयंकर पुरुषाला लोक भेटायला जातात, त्याच्या जखमेची कथा कळवळून सांगतात. मग पाड्यावरच्या जिवंत म्हातारीला दगड का? कल्पनेतल्या जखमेला तेल देणारा समाज खऱ्या बाईच्या कपाळावर जखम का करतो?

हा प्रश्न ज्याला सुचेल तो नंदुरबारचा भयकथाकार. शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांनी 'गोधड'मधून, नजूबाई गावितांनी 'तृष्णा'मधून आदिवासींच्या जगण्याला आपला आवाज दिला. आता पावरी, मावची, देहवाली बोलणाऱ्या मुलामुलींनी भयकथा हातात घ्यावी. धारप जरूर वाचावेत, मतकरी जरूर वाचावेत, रात्र कशी रंगवायची ते त्यांच्याकडून शिकावे. मात्र कथा डाकिणीच्या घरातून सांगावी. बाहेर जमाव जमतो आहे, टेंभे पेटले आहेत, भगताचा आवाज जवळ येतो आहे, आणि आत एक बाई कडी लावून उभी आहे. अशी कथा वाचलेला तरुण उद्या त्या जमावात जाण्याआधी एकदा तरी थबकेल. त्या एका थबकण्याने एखाद्या बाईचा जीव वाचू शकतो.