मांजराला ओळखणारे दार

निफाड तालुक्यातील विंचूर हे कांद्याचे व द्राक्षांचे गाव होय. अशा शेतकरी गावात मांजर हे केवळ कौतुकाचे जनावर नसते. घरातील धान्य उंदरांपासून राखण्याचे काम त्याच्याकडे असते. परंतु या राखणदाराची एक अडचण आहे. दार लावले की ते बाहेर जाण्यासाठी ओरडते, आणि दार किलकिले ठेवले की त्याच वाटेने परका बोका आत शिरून दुधाचे भांडे रिकामे करतो. शिवाय या तालुक्यात उसाच्या रानांतून बिबट्याचा वावर असल्यामुळे मांजराने रात्र बाहेर काढणे हेही निर्धोक नाही. तेव्हा घरच्या मांजरास उघडावे आणि परक्यास बंद राहावे, असे दार करता येईल काय?

मांजरासाठी दारास भोक पाडण्याची युक्ती जुनीच आहे. इंग्लंडातील एक्झिटर येथील कॅथीड्रलच्या एका दारास बिशपच्या मांजरासाठी 1598 साली भोक पाडून सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. पुढे अशा भोकावर टांगती झडप आली. पण भोक काय किंवा झडप काय, दोहोंनाही आपले आणि परके कळत नाही. हा विवेक झडपेस आला तो मायक्रोचिपमुळे.

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक बंद नळी. पशुवैद्य ती जाड सुईने मांजराच्या दोन्ही खांद्यांमधील सैल कातडीखाली घालतो. तिच्यात सेल नसतो. असतो तो पंधरा आकडी क्रमांक. झडपेच्या चौकटीत तारेचे वेटोळे बसविलेले असते. मांजराने आत डोके घातले की यंत्र जागे होते आणि वेटोळ्यातून सेकंदास सुमारे 1,34,200 आंदोलनांच्या लहरी निघतात. त्यांच्याच शक्तीवर चिप आपला क्रमांक कळविते. तो यंत्राच्या स्मरणात असला तर खटका सरकतो आणि झडप मोकळी होते. नसला तर ती बंदच राहते. हरवलेले मांजर कोठे आहे हे चिप सांगते, असा कित्येकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. चिपला फक्त आपला क्रमांक ठाऊक असतो. इंग्लंडात तर 10 जून 2024 पासून पाळीव मांजर वीस आठवड्यांचे होण्यापूर्वी त्यास चिप घालणे कायद्याने सक्तीचे झाले आहे.

येथवर यंत्राने मांजरास ओळखले. पण मांजराने दारास ओळखणे हे खरे अवघड काम, आणि तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मांजरास धरून झडपेतून ढकलावे म्हणजे ते शिकेल, असे वाटते. या समजुतीची परीक्षा एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वीच घेतली. 1898 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधासाठी त्याने भुकेली मांजरे पेटीत कोंडली आणि खाद्य बाहेर ठेवले. दोरी ओढली वा खिटी दाबली की पेटीचे दार उघडत असे. मांजर प्रथम नुसते ओरबाडी. योगायोगाने खिटी दबली की सुटका होई. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर सुटकेस लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. परंतु मांजराचा पंजा हातात धरून खिटी दाबवून घेतली, तर त्यापासून ते काहीच शिकले नाही. जे स्वतः केले आणि ज्याचे फळ लागलीच मिळाले, तेवढेच त्याच्या अंगी मुरले.

झडपेचे शिक्षण याच तत्त्वावर द्यावे. झडप मांजराच्या पोटाच्या उंचीस बसवावी. पहिले काही दिवस यंत्रात सेल घालू नयेत आणि झडप दोरीने पूर्ण वर बांधून ठेवावी, म्हणजे तेथे नुसते भोकच उरेल. जेवणाच्या वेळी पलीकडे वाटी ठेवून हाक मारावी. मांजर निर्भयपणे जाऊ-येऊ लागले की झडप थोडी खाली आणावी, इतकी की ती पाठीस किंचित लागेल. असे करीत तिला डोक्याने लोटणे त्यास साधले, म्हणजे सेल घालून यंत्रास चिपचा क्रमांक शिकवावा. आता खटक्याच्या आवाजाने ते बिचकेल. अशा वेळी आणखी चार दिवस वाटी झडपेजवळच ठेवावी. डोके पुरते आत गेल्याखेरीज चिप वाचली जात नाही. म्हणून दुरूनच थबकणाऱ्या मांजरास खाद्याचे आमिष चौकटीच्या आतपर्यंत दाखवावे. रागावू नये, ढकलू तर मुळीच नये. एकदा धास्ती बसली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शेजारचे मोठे दार मात्र त्या दिवसांत त्याच्या ओरडण्यावर उघडू नये. नाहीतर ते झडप न शिकता ओरडणेच शिकेल.

अशा कित्येक झडपांस, आत येता यावे पण बाहेर जाता येऊ नये, अशीही सोय असते. मांजरास सायंकाळी ठरल्या वेळी घरातच जेवण द्यावे आणि मग ती कळ फिरवावी, म्हणजे रात्रीची चिंता मिटते. विंचूरच्या एखाद्या घरी हे यंत्र न आले आणि सुताराकडून साधी लाकडी झडप करून घेतली, तरी शिकविण्याचा क्रम हाच. ती परक्या बोक्यास अडवणार नाही. पण रात्री तिला आतून खिटी लावता येईल आणि मांजर मात्र तोवर वेळेवर घरी आलेले असेल.