सासूबाईंच्या कपाळाला तडा

सासूबाईंच्या कपाळाला पहिला तडा गेला तो एप्रिल 2024 मध्ये. खऱ्या सासूबाई ठणठणीत आहेत. तडा गेला तो आमच्या छोट्या हत्तीवरच्या सासूबाईंना. अकोल्यात आमचा पापड-मसाल्याचा घरगुती धंदा आहे. घरच्याच चौघी आम्ही तो चालवतो. जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला, त्यावर पत्र्याची बंद बॉडी चढवली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तिच्या दोन्ही बाजूंना सासूबाईंचा हसरा फोटो आणि पापडांची चवड छापून चिकटवून घेतली. खर्च आला 11,500 रुपये.

आमच्याकडे या कामाला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. त्यात रेडियमचा कणही नसतो. असते ती पीव्हीसीची, म्हणजे विनाइलची पातळ फिल्म, आणि तिच्या पाठीला दाबलं की चिकटणारा गोंद. पुण्या-मुंबईकडे त्यालाच रॅप म्हणतात. दुकानदाराने एका नामांकित परदेशी कंपनीचं नाव घेतलं आणि वर म्हणाला, “काकू, गाडी इकसान, पन हे निंगनार नाई. पाच वर्षं वॉरंटी.” बिलावर मात्र लिहिलं ‘गाडी रेडियम काम, 1 नग’. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. वाचलंही नाही म्हणा ना.

तडा कुठे गेला ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच होती. फोटो मोठा दिसावा म्हणून त्याने सासूबाईंचं डोकं बाजूच्या पत्र्यावरून वळवून चार बोटं छतावर नेलं होतं. छतावर गेलेला तेवढाच भाग आधी फिका पडला, मग कडक झाला, मग भेगाळला, आणि भेग कपाळावर उतरली. हनुवटी अजून तकतकीत होती. बॉडीला जिथे जिथे रिबिटं ठोकलेली होती, तिथे फिल्म छोट्या तंबूसारखी वर उचलली गेली होती आणि आत धूळ बसली होती.

दुकानात गेले. “वॉरंटी कंपनीची असते, आमची नाही.” कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. मुलगी फार गोड बोलली. फिल्मचा प्रकार कोणता, लॉट नंबर काय, वर लॅमिनेशन कोणतं, कोणी लावली, कोणत्या तारखेला? माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, की फोटो माझ्या सासूबाईंचा आहे.

मग मी हा विषय हातात घेतला. पापडवालीला तो कळायला अवघड नाही, असं माझ्या लक्षात आलं.

विनाइलची फिल्म दोन तऱ्हांनी बनते. एक गरम रुळांमधून लाटून काढतात, तिला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसरी पातळ द्रव स्वरूपात ओततात आणि सुकवतात, ती कास्ट. मैद्याची पुरी लाटून बाजूला ठेवली की थोड्या वेळाने आत ओढली जाते ना, तसंच लाटलेल्या फिल्मचं होतं. ताणून लावली तर ऊन लागताच ती मूळ आकाराकडे परतू पाहते, कडा सोडते, रिबिटावर उभी राहते. ओतलेली फिल्म तांदळाच्या पापडीसारखी, जशी पसरली तशी सुकलेली. तिच्यात ओढच नसते म्हणा. ती साधारण 50 मायक्रॉनची, लाटलेली बहुधा 70 ते 100 मायक्रॉनची. म्हणजे जाड ती टिकाऊ, हा आपला स्वयंपाकघरातला हिशेब इथे उलटा पडतो. सपाट पत्र्यावर वर्ष-दोन वर्षांच्या जाहिरातीला लाटलेली फिल्म चालते, तिला नाव ठेवायचं कारण नाही. पण रिबिटं, खाचा, वळणं असतील तर ओतलेलीच हवी. तीही हीट गनने शेकून बसवायची आणि खाचांमध्ये शेवटी पुन्हा चांगली तापवायची, म्हणजे ती मागे फिरत नाही.

छपाईचीही एक बाब आहे. सॉल्व्हंटची शाई वरून कोरडी दिसली तरी तिच्यातला द्रव उडून जायला निदान एक दिवस द्यावा लागतो. आमचं काम संध्याकाळी छापलं, रात्रीच त्यावर लॅमिनेशन चढवलं आणि सकाळी लावलं. अर्धवट वाळलेले पापड डब्यात भरले तर काय होतं ते मला कोणी शिकवायला नको, पण तेव्हा मी ‘किती पटकन केलं’ म्हणून त्याला चहा पाजला होता.

आता ती पाच वर्षं. मोठ्या कंपन्यांची वॉरंटीची पत्रकं मी भाच्याकडून उतरवून घेऊन वाचली. मुदत सगळ्या गाडीला एक नसते. उभ्या भागाला जास्त, आडव्याला बरीच कमी, आणि उभा म्हणजे किती उभा हेही तिथे लिहिलेलं असतं, सरळ उभ्यापासून साधारण 10 अंशांच्या आत. छत, बॉनेट यांच्यावर दिवसभर ऊन पडतं. शिवाय हवामानाप्रमाणे जगाचे पट्टे पाडलेले, आणि उष्ण पट्ट्यात मुदत आणखी घटते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्याचं तर बोलायलाच नको. तर सासूबाईंची हनुवटी एका मुदतीत होती आणि टाळू दुसऱ्या.

वॉरंटी मिळाली तरी बहुतेक वेळा मिळते ती नवी फिल्म. जुनी काढायची, नवी लावायची मजुरी, गाडी उभी राहिली त्या दिवसांचं नुकसान, हे त्यात धरलेलं असेलच असं नाही. आणि फिल्म बनवणारा, छापणारा, लावणारा असे तीन जण असतात. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

चूक माझीही होती, ते लपवत नाही. वॉशिंग सेंटरवरचा पोरगा प्रेशरची नळी थेट कडेला लावायचा आणि मी बघत उभी असायचे. गाडी कडुलिंबाखाली, वर कावळे. विष्ठा दोन-दोन दिवस तशीच. ती लगेच ओल्या फडक्याने पुसायची असते, सांडलेलं डिझेलही. साधा सौम्य साबण, मऊ कापड, बास. या कारणांनी फिल्म बिघडली तर कंपनी हात वर करते, आणि ते मला गैर वाटत नाही.

दुकानदाराने शेवटचं अस्त्र काढलं, “तुमची गाडी धंद्याची. तुम्ही ग्राहक नाही.” हे मात्र मला झोंबलं. भाचा वकील आहे. तो म्हणाला, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून बघ, म्हणाला. पण पुरावा काय? ‘1 नग’?

पुरावा फडताळात निघाला. फिल्मच्या पाठीला एक गुळगुळीत कागद असतो, चिकटवताना तो सोलून फेकतात. काम चालू असताना दुकानातल्या पोराकडून मी त्याचे चार-पाच हात मागून आणले होते, फडताळाच्या कप्प्यांत अंथरायला. दिवाळीच्या साफसफाईत डबे खाली काढले, कागद उलटा झाला, आणि मागे ओळीने छापलेलं नाव दिसलं. दुकानदाराने सांगितलेल्या कंपनीचं नव्हतंच ते.

हळदीचे डाग पडलेला तो कागद मी त्याच्या काउंटरवर पसरला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बसा काकू.”

मजुरी त्याची, ओतलेल्या फिल्मचे पैसे माझे, असं ठरलं. भाच्याला पटलं नाही. मला धंदा करायचा होता. जुनी फिल्म तापवून सोलताना तिचे कपचे पडले आणि दोन ठिकाणी बॉडीचा रंगही निघून आला, कारण पहिल्या वेळी रंग पुरता पिकण्याआधीच आम्ही त्यावर चिकटवून बसलो होतो. तो रंग कुठल्याच वॉरंटीत येत नाही. त्याचे पैसे मी भरले.

या वेळी बिलावर फिल्मचं नाव, प्रकार, लॉट नंबर, लॅमिनेशन, तारीख, सगळं लिहून घेतलं. पोराने न सांगता पाठच्या कागदाची एक पट्टी फाडून दिली. ती आरसी आणि पीयूसीच्या फाइलमध्ये आहे. छतावर काही नेऊ दिलं नाही. फोटो त्यासाठी लहान करावा लागला.

सासूबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “मागच्यापेक्षा बारीक दिसते मी.” मग जरा थांबून, “बरी दिसते.”