एजन्सीचा करार सुटला, मग आपल्या विम्याचे काय?

मागील गळीत हंगामाच्या तोंडावर आम्ही शेती विभागात वाहतूकदारांचे करार करीत होतो. करारासोबत आर. सी. बुक, लायसन आणि विम्याची प्रत घेण्याची आपली पद्धत सर्वांना माहीत आहेच. कागद तपासता तपासता असे दिसले, की एकाच तालुक्याच्या गावच्या एका एजन्सीतून विमा काढलेल्या वाहनांच्या नव्या पॉलिसी येईनात. कुणी म्हणे 'आज येते', कुणी म्हणे 'पैसे देऊन ठेवलेत, साहेब'. खोदून चौकशी केली तेव्हा खरे ते बाहेर आले. विमा कंपनीने त्या एजन्सीचा करार उन्हाळ्यातच बंद केला होता. एजन्सीवाल्या पोराने ते गिऱ्हाइकाला सांगितलेच नाही. दुसरी कंपनी मिळेपर्यंत निभावून नेऊ, अशा भरवशावर तो राहिला. तोवर दोन ट्रॅक्टरांची मुदत संपून गेली होती आणि त्यांचे मालक खुशाल रस्त्यावर होते. अपघात झाला नाही, हे नशीब.

त्या पोराला आम्ही लबाड म्हणणार नाही. तो घाबरला होता. परंतु त्याच्या घाबरण्याने दोन घरे उघड्यावर आली असती. आपल्या सभासदांच्या घरची बरीच मुले-सुना आता अकोट, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरकडे विम्याचे काम करतात, आणि बाकीचे सभासद त्यांची गिऱ्हाइके आहेत. म्हणून हा विषय उसाचा नसला तरी या अंकात घेतला आहे.

प्रथम मूळ गोष्ट. पॉलिसी हा तुमच्यात आणि कंपनीत झालेला करार असतो. एजंट हा मधला माणूस. त्याचा आणि कंपनीचा करार वेगळा. तो तुटला म्हणून तुमची चालू पॉलिसी तुटत नाही. तिच्यावर जी तारीख छापली आहे तोपर्यंत ती जिवंत असते आणि दाव्याची रक्कम द्यायची जबाबदारी कंपनीचीच राहते. धोका असतो तो मुदत संपण्याच्या दिवशी. कारण आपल्याकडे कोणी तारीख पाहत नाही, एजंटाचा फोन आला की पैसे द्यायचे अशी रीत पडली आहे. ज्या वर्षी फोन येत नाही त्या वर्षी विमा नसतो.

दुसरे म्हणजे पैसे दिले की विमा झाला, हा समज. विमा कायदा 1938 चे कलम 64 व्हीबी असे सांगते, की हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम धरू नये. एजंटाने कंपनीच्या वतीने घेतलेला हप्ता बँकेच्या व टपालाच्या सुट्ट्या सोडून 24 तासांच्या आत कंपनीकडे जमा करावा, असेही त्याच कलमात आहे. ज्याची एजन्सीच उरली नाही त्याने घेतलेले पैसे कोणाच्या वतीने घेतले, हा वाद मग ट्रॅक्टर उलटल्यावर निघतो. सबब हप्ता कंपनीच्या नावे चेकने किंवा ऑनलाइन भरावा आणि पॉलिसी नंबर हाती येईपर्यंत विमा झाला असे धरू नये.

कंपनी करार का सोडते? कधी एजंटाची चूक असते, पण पुष्कळदा नसते. धंदा ठरल्याइतका झाला नाही, त्या भागातले दावे हप्त्यापेक्षा वाढले, कंपनीने तो प्रकारच बंद केला, किंवा दोन कंपन्या एक झाल्या. यांपैकी काहीही पुरते. देशात हे मोठ्या प्रमाणावरही झाले आहे. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा 245 संस्था एलआयसीत विलीन झाल्या, आणि मुख्य एजंट व स्पेशल एजंट यांचे करार कायद्यानेच संपले. 1973 साली सर्वसाधारण विम्याच्या 107 कंपन्यांच्या चार झाल्या. त्या वेळी ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांची नीट वही होती त्यांचे काम नव्या नावाखाली चालू राहिले असणार, आणि ज्यांच्याकडे फक्त जुन्या कंपनीची पाटी होती त्यांना अवघड गेले असणार, असा आमचा अंदाज आहे.

अख्खा जिल्हाच कंपन्यांनी सोडल्याचे उदाहरण तर परवाचे आहे. 2020 च्या खरिपात बीड जिल्ह्याच्या पीक विम्यासाठी निविदा काढूनही कंपनी पुढे आली नाही. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीला काम दिले गेले, तेही वेगळ्या अटींवर: नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा, आणि भरपाई कमी पडली तर कंपनीने 20 टक्क्यांपर्यंत ठेवून बाकी राज्याला परत करायचे. हाच तो 'बीड पॅटर्न'. तेव्हा करार सुटणे म्हणजे अब्रू गेली असे मानायचे कारण नाही. हिशेब न जमल्याने मोठमोठे बाजूला होतात.

आता मधल्या काळाची गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना राज्य शासन विमा कंपनीमार्फत चालवीत असे. 2022 मध्ये एका मुदतीचे संरक्षण एप्रिलमध्ये संपले आणि पुढचे ऑगस्टमध्ये सुरू झाले. मधले चार-साडेचार महिने कंपनीच नव्हती. ते महिने कोणते, तर पेरणीचे, फवारणीचे, विजा पडण्याचे, साप निघण्याचे. सरकारी कागदात त्याला 'खंडित कालावधी' म्हणतात. त्या काळातल्या प्रकरणांना नंतर शासनाने मदत देण्याचा निर्णय घेतला, परंतु ज्या घरचा माणूस गेला त्यांना वाट पाहावी लागली. पुढे 2023 मध्ये शासनाने कंपनीच मधून काढली आणि सानुग्रह अनुदान योजना आणली. मृत्यू झाल्यास 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास 1 लाख. प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. खातेदार आणि घरातील आणखी एक जण, वय 10 ते 75. (हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, देव जाणे. गट कार्यालयात विचारले तर आमची माणसे सांगतील.)

सांगायचा मुद्दा, खंड पडतो तो एक कंपनी जाऊन दुसरी येण्याच्या मधल्या फटीत. शासनाने ती फट नंतर भरून दिली. तुमच्या ट्रॅक्टरची फट कोण भरून देणार? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. तो नसताना रात्री रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, तर नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या शेतावर येतो. ट्रॉलीचा विमा वेगळा दाखवलेला आहे का तेही पाहावे. पुढचे इंजिन विम्यात आणि मागच्या दोन ट्रॉल्या मोकळ्या, असे कागद आम्ही स्वतः पाहिले आहेत. तसेच 'फक्त स्वतःच्या शेतीसाठी' असा विमा असेल आणि वाहन भाड्याने ऊस ओढत असेल, तर दाव्याच्या वेळी भांडण ठरलेले.

मुदत उलटून गेली तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा पुन्हा घेताना कंपनी आधी वाहनाची तपासणी मागते. आणि 90 दिवस उलटले की दावा न केल्याबद्दलची सूट जाते. ही सूट ना एजंटाची, ना कंपनीची. ती मालकाची असते आणि दुसऱ्या कंपनीकडेही मिळते. एजंट बदलला म्हणून ती सोडून देऊ नये. आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असल्यास मुदतीच्या निदान दीड महिना आधी अर्ज करावा, म्हणजे जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षे धरली जातात. मुदत संपून नवीन काढला तर ती वर्षे पाण्यात जातात.

एजन्सी चालवणाऱ्या मुलांना चार शब्द. कंपनीचे पत्र आले की तोंडी बोलण्यावर जाऊ नका. करार कोणत्या तारखेला संपतो, तोपर्यंत नवे काम घेता येते की नाही, आणि थकलेले कमिशन कधी मिळणार, हे लेखी मागा. हातात असलेला हप्ता त्याच दिवशी भरून टाका. पाटी, पावतीपुस्तके परत करा. त्या नावाने एक रुपयाही पुढे घेऊ नका. मग वही काढून सगळ्या गिऱ्हाइकांची यादी मुदतीच्या तारखेप्रमाणे लावा आणि ज्याची मुदत पहिली, त्याच्याकडे पहिले जा. 'भाऊ, माझा करार सुटला, तुमचा विमा अमुक तारखेपर्यंत पक्का आहे, पुढचा कंपनीच्या शाखेत भरा नाहीतर मी नवी सोय करतो,' इतके सरळ सांगितले की गिऱ्हाईक जात नाही. ज्यांचे दावे अडकले आहेत त्यांना शाखेतल्या माणसाचे नाव मिळवून द्या. कमिशन बंद झाले म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडू नका.

राहता राहिली नवी कंपनी. 2016 च्या नियमांनी एकट्या एजंटाला आयुर्विमा, सर्वसाधारण आणि आरोग्य या प्रत्येकाची एकेकच कंपनी ठरवून दिली. म्हणून एक करार सुटला की वाहनांचे सगळे काम एका दिवसात बसते. संस्था म्हणून कॉर्पोरेट एजंट झाले तर अनेक कंपन्या घेता येतात. 2022 मध्ये ती मर्यादा प्रत्येक प्रकारात 3 वरून 9 केली गेली, आणि सहकारी संस्थाही यात बसते. काही मुलांनी मिळून विचार करण्याजोगे आहे. एकाच ठिकाणी विसंबले की काय होते, हे वऱ्हाडातल्या उसवाल्याला आम्ही काय सांगावे? जवळचा कारखाना बंद पडल्यावर उभा ऊस घेऊन कुठे कुठे फिरावे लागले, ते इथल्या कैक घरांनी पाहिले आहे.

एजंटाने पैसे घेतले आणि पॉलिसी आली नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते; तिथे फी लागत नाही.

यंदाच्या वाहतूक करारात वाहन नंबरापुढे विम्याची मुदत लिहिण्याचा वेगळा रकाना आम्ही ठेवला आहे. ज्यांची मुदत हंगामाच्या मध्ये संपते त्यांना गट कार्यालयातून चिठ्ठी जाईल. करारास येताना ट्रॅक्टर व दोन्ही ट्रॉल्यांच्या मूळ पॉलिसी आणाव्यात, झेरॉक्स चालणार नाही. पॉलिसी खरी की नाही हे एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा कंपनीच्या शाखेत आधीच पाहून घ्यावे, म्हणजे टोळी आल्यावर धावपळ होणार नाही.